डॅन डेअर आधी, बाकीचे मागून: जुन्या वळणाची ब्रिटिश विज्ञानकॉमिक्स कशी वाचावीत

मी या प्रकरणात उलट्या टोकाने शिरलो. एका मित्राने 'मिनिस्ट्री ऑफ स्पेस' या कॉमिकचे तीन पातळसे अंक हातात ठेवले आणि म्हणाला, "वाच, वेडा होशील." तासाभरात वाचून झाले. वेडा वगैरे झालो नाही. चित्रं सुरेख होती, पण एवढं काय त्यात, हे काही कळलं नाही. अंक परत केले. पुढे वर्षभराने रद्दीच्या दुकानात 'ईगल' या मुलांच्या ब्रिटिश साप्ताहिकाचं एक जुनं वार्षिक सापडलं. पुठ्ठा निघालेला, आत कुणा मुलाने पेन्सिलीने रॉकेटला मिशा काढलेल्या. ते चाळताना डोक्यात लख्ख पडलं की मित्राने दिलेल्या कॉमिकमधलं प्रत्येक पान या पानांशी बोलत होतं. मला संवादाची एकच बाजू ऐकू आली होती, म्हणून गंमत कळली नव्हती.

तेव्हा नवख्या वाचकाला माझं पहिलं सांगणं क्रमाबद्दल. आधी मूळ, मग त्याच्या वळणावर गेलेलं.

'जुनं' आणि 'जुन्या वळणाचं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजी रोज नऊवारी नेसायची, कारण तिचं कपाट तेवढंच होतं. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, गॉगल लावून बुलेटवर बसलेली मुलगी मात्र ती निवडून नेसलेली असते, आणि बघणाऱ्याने आजी आठवावी हा त्यात अर्धा हेतू असतो. १९५० सालचा डॅन डेअर, 'ईगल'मधला अंतराळवीर नायक, ही आजी. २००१ नंतरची रेट्रो कॉमिक्स म्हणजे बुलेटवरची मुलगी. आजी पाहिलेलीच नसेल तर नुसती साडी दिसते.

पायरी पहिली: डॅन डेअरची एकच गोष्ट धरा

१४ एप्रिल १९५०, शुक्रवार. (तारीख लक्षात ठेवायला सोपी, आपल्याकडे आंबेडकर जयंती.) त्या दिवशी इंग्लंडात 'ईगल' या मुलांच्या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, किंमत तीन पेन्स, आणि सुमारे नऊ लाख प्रती खपल्या. काढणारा माणूस होता मार्कस मॉरिस, साउथपोर्टजवळच्या एका चर्चचा पाद्री. अमेरिकेतून येणाऱ्या भडक, रक्ताळलेल्या कॉमिक्सनी मुलं बिघडतील याची त्याला चिंता. त्याच्या जोडीला चित्रकार फ्रँक हॅम्पसन. दोघांच्या डोक्यातला पहिला नायक चक्क पाद्रीच होता. मग तो अंतराळातला पाद्री झाला आणि शेवटी पाद्रीपण गळून कर्नल डॅन डेअर उरला. पण गळालेलं सगळं जात नाही. डॅन शब्द देतो आणि शत्रूला दिलेला शब्दही पाळतो. कधी कधी त्याचा हा भलेपणा वैताग आणतो. तो कुठून आला हे ठाऊक असलं की सोसवतो.

पहिली गोष्ट शुक्रावरची. तीच घ्या. ती सुमारे दीड वर्ष, सप्टेंबर १९५१ पर्यंत चालली. काळ १९९० च्या दशकातला. पृथ्वीवर अन्न पुरत नाही, म्हणून शुक्रावर पीकपाणी मिळतंय का ते बघायला मोहीम निघते. साम्राज्य वाढवायला नाही, खजिना शोधायलाही नाही. जेवणासाठी! नवख्याला इथे हसू येतं. पण ज्या मुलांनी हे वाचलं त्यांच्या घरी रेशनकार्ड होतं. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली तरी ब्रिटनमध्ये लोणी, साखर, मटण मापाने मिळत होतं आणि रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ उजाडलं. म्हणजे त्या मुलाच्या पोटातली भूक आणि गोष्टीतली भूक एकच. हे लक्षात आलं की पहिल्या दोन पानांवरचे ते गंभीर चेहऱ्याचे अधिकारी एकदम आपलेसे वाटायला लागतात.

पात्रं थोडक्यात. डॅन मँचेस्टरचा, भुवया टोकाला वेड्यावाकड्या मोडलेल्या. त्याचा साथीदार डिग्बी विगन गावचा, गोलमटोल, नाव लांबलचक, जीव आत्याबाईत अडकलेला. पुढे डॅनच्या यानाला ॲनास्तासिया हे नाव मिळतं ते याच आत्याबाईचं. डिग्बीचं बोलणं उत्तर इंग्लंडच्या ठसक्यातलं आहे. पहिल्या वाचनात अडखळाल. मालवणी नाटक पहिल्यांदा बघताना जसं पहिली दहा मिनिटं चाचपडावं लागतं तसंच. मोठ्याने वाचा, कळतं. सर हुबर्ट गेस्ट हे वरिष्ठ. प्रोफेसर जोसलिन पीबॉडी ही मोहिमेतली अन्नशास्त्रज्ञ, बाई आहे म्हणून सर हुबर्टचा आधी चेहरा पडतो आणि ती त्याला तिथल्या तिथे गप्प करते. १९५० सालच्या मुलांच्या अंकात हे होतं याची नोंद घ्या.

आणि मेकॉन. हिरवा, केवढं थोरलं डोकं, त्याखाली वाळक्या काडीसारखं अंग, तरंगत्या आसनावर बसलेला. शुक्राच्या उत्तरेकडच्या ट्रीन लोकांचा हा हुकूमशहा. राग नाही, लोभ नाही, नुसती बुद्धी. दक्षिणेत शांत स्वभावाचे थेरॉन, आणि मधे आगीचा पट्टा. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला भावनाशून्य, शिस्तबद्ध शत्रू कोण म्हणून दाखवला जातोय हे वेगळं सांगावं लागत नसणार.

एक शंका सगळेच काढतात: शुक्रावर झाडंझुडपं कशी? १९५० मध्ये शुक्राच्या ढगांखाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. समुद्र असेल, दलदल असेल, असं शहाणी माणसंही म्हणत. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचं मरिनर २ हे यान जवळून गेलं तेव्हा तिथे भट्टी पेटलीय हे पक्कं झालं. सुरुवातीच्या काळात तर आर्थर सी. क्लार्क या मालिकेचे वैज्ञानिक सल्लागार होते. तेव्हा 'चुकीचं विज्ञान' म्हणून नाक मुरडू नका, त्या दिवशीचं ते बरोबर विज्ञान आहे.

पायरी दुसरी: दोनच पानं, आणि मग पुस्तक मिटा

हा सल्ला कुणी पाळत नाही, मीही सुरुवातीला पाळला नाही. जाडजूड संग्रह हातात आला की सलग पन्नास पानं ओढायची, आणि मग "फार रेंगाळतं हो हे" म्हणायचं. रेंगाळत नाही. ते आठवड्याला दोन पानांच्या हिशेबाने रचलेलं आहे. दर दुसऱ्या पानाच्या तळाशी कुणीतरी कड्यावर लटकतं, दार उघडतं, पडद्यावर चेहरा उमटतो. सलग वाचलं की हे झटके एकमेकांना मारतात. आपल्याला 'क्रमशः' काही नवीन नाही. दिवाळी संपल्यावर पुढच्या अंकाची वाट बघणारी, चांदोबातली वेताळकथा महिनाभर मनात घोळवणारी आपली घरं होती. तीच सवय पुन्हा बाहेर काढा. आठवड्याला दोन पानं जमत नसतील तर रोज दोन. त्याहून जास्त नको.

ही दोन पानं बघायची कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरा माल इथे आहे.

पहिल्यांदा संवादांचे फुगे वाचू नका. नुसती चित्रं बघत पान उतरा. उजेड कुठून येतोय ते शोधा. नियंत्रण कक्षाचं चित्र असेल तर पडद्याचा उजेड माणसांच्या हनुवटीखालून येतो आणि टोपीची कड अंधारात जाते. पुढच्या चौकटीत कोन बदलला तरी सावली इमानाने आपल्या जागी असते. हे आपोआप होत नाही. हॅम्पसनच्या स्टुडिओत आधी तो स्वतः सगळ्या पानाचं रंगीत कच्चं चित्र काढायचा. मग सहकारी गणवेश घालून त्या त्या पवित्र्यात उभे राहायचे आणि त्यांचे फोटो काढले जायचे. यानांचे छोटे नमुने तयार असत, डोक्यांचे पुतळे असत, म्हणजे कुठल्याही बाजूने काढलं तरी नाक तेच. सर हुबर्टसाठी उभे राहायचे ते हॅम्पसनचे स्वतःचे वडील. पीबॉडी म्हणजे स्टुडिओतली चित्रकार ग्रेटा टॉमलिन्सन. साउथपोर्टजवळच्या एका जुन्या बेकरीत हा कारखाना सुरू झाला. दोन पानांसाठी एवढी माणसं राबत होती, तीही आठवडाभर, रात्री धरून.

दुसऱ्या फेरीत फुगे वाचा. तिसऱ्या फेरीत कडेची माणसं बघा: मागे उभा असलेला शिपाई, खिडकीपलीकडची गर्दी. हॅम्पसन त्यांनाही चेहरा देतो. मी एकदा एका चौकटीत मागच्या माणसाच्या हातातला कप बघत दहा मिनिटं बसलो होतो. घरच्यांनी विचारलं, काय वाचतोयस? कप, म्हणालो.

पुढे १९५९ मध्ये हॅम्पसनने मालिका सोडली. मालक बदलले होते, नव्या मालकांना एवढा खर्च परवडेना. डॅन डेअरवर त्याचा हक्क काहीच नव्हता, सगळं कंपनीचं. १९७५ मध्ये इटलीतल्या लुक्का इथे त्याला महायुद्धानंतरचा सर्वोत्तम चित्रकथाकार म्हणून गौरवलं, तोवर तो या धंद्यापासून कधीच लांब गेला होता. त्याच्यानंतर फ्रँक बेलामी, डॉन हार्ली, कीथ वॉटसन यांनी डॅन काढला. बेलामीचं वर्ष चित्र म्हणून झणझणीत आहे, पण सुरुवात तिथून करू नका.

पायरी तिसरी: मिळवायचं कुठून आणि वाचायचं कशावर

हे उरकूनच टाकतो. टायटन या प्रकाशनाने डॅन डेअरच्या मूळ गोष्टी २००४ पासून संग्रहांच्या रूपात काढल्या आणि शुक्राची गोष्ट नंतर मोठ्या एकत्रित आवृत्तीतही आणली. परदेशातून मागवणार असाल तर पुस्तकाच्या किमतीइतकीच टपालाची किंमत आधी बघा. मी बघितली नव्हती. फुटपाथवर, रद्दीत 'ईगल'ची वार्षिकं अधूनमधून सापडतात. जरूर घ्या, पण वार्षिकातला डॅन बऱ्याचदा हॅम्पसनच्या हातचा नसतो हे माहीत असू द्या.

फोनवर वाचू नका. 'ईगल'चं पान आजच्या कॉमिकपेक्षा बरंच मोठं होतं आणि त्याच मापाने भरलेलं होतं. फोनवर एक एक चौकट मोठी करून बघणं म्हणजे पंगतीतलं ताट चमच्याचमच्याने दाराआडून मागवण्यासारखं. टॅब्लेट चालेल, आडवा न धरता उभा धरून. छापील मिळालं तर दिवसाच्या उजेडात.

पायरी चौथी: हुकलेल्या रॉकेटची गोष्ट माहीत करून घ्या, मग 'मिनिस्ट्री ऑफ स्पेस'

जुन्या वळणाच्या या ब्रिटिश कॉमिक्समध्ये एक हुरहुर असते. ती कुठली हे कळायला एक खरी घटना पुरे. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथून 'ब्लॅक ॲरो' या ब्रिटिश रॉकेटने 'प्रॉस्पेरो' नावाचा उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. स्वतःच्या रॉकेटने स्वतःचा उपग्रह. आणि सरकारने तो सगळा प्रकल्प त्याआधीच, त्याच वर्षी जुलैत, बंद केल्याचं जाहीर केलं होतं! रॉकेट तयार होतं म्हणून उडवलं, इतकंच. स्वतः उपग्रह सोडण्याची विद्या कमावून ती टाकून देणारा देश म्हणून ब्रिटनचं नाव घेतलं जातं ते यामुळे. डॅन डेअर वाचून मोठी झालेली पिढी तेव्हा तिशीत होती. तिने लहानपणी पाहिलेला १९९० च्या दशकातला ब्रिटिश अंतराळताफा कधीच येणार नव्हता.

आता मिनिस्ट्री उघडा. लेखन वॉरन एलिस, चित्रं ख्रिस वेस्टन, रंग लॉरा मार्टिन. २००१ ते २००४ दरम्यान तीन अंक. कल्पना अशी की १९४५ मध्ये जर्मनीचे रॉकेट-शास्त्रज्ञ अमेरिकेच्या आणि रशियाच्या आधी ब्रिटिशांच्या हाती लागले. खऱ्या इतिहासात फॉन ब्राउन आणि मंडळी अमेरिकेला गेली, इथे ती लंडनकडे वळतात. मग जे झालं असतं ते सगळं होतं: ब्रिटिश अंतराळस्थानक, ब्रिटिश चंद्र, आणि सगळ्यावर तो ओळखीचा गणवेश, ती फुगीर, चकचकीत यानं. डॅन डेअर वाचून आलात तर पहिल्याच पानाला घसा दाटेल. वेस्टनने ती यानं इतक्या प्रेमाने काढली आहेत.

आणि तिथेच सापळा आहे. गोष्ट म्हाताऱ्या सर जॉन डॅशवूडची. २००१ सालात ती सुरू होते आणि सारखी मागे जाते. प्रश्न एकच, एकही फुगा वाया न घालवता विचारलेला: युद्धाने कंगाल झालेल्या देशाकडे या सगळ्यासाठी पैसा आला कुठून? उत्तर मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, शेवटच्या पानावर पोचलात की संवाद वाचून पुस्तक मिटू नका, चित्र बघा. साम्राज्य टिकलं असतं तर त्याच्यासोबत आणखी काय काय टिकलं असतं, याचा विचार आपण मराठी माणसांनी तरी इंग्रज वाचकाच्या आधी करायला हवा. मी पहिल्या वाचनात तो तपशील साफ ओलांडून गेलो होतो. मित्राला अंक परत करताना "छान आहे" म्हणालो होतो, आणि तो नुसता हसला होता. आता कळतं का हसला ते.

पायरी पाचवी: 'स्कार्लेट ट्रेसेस', पण आधी वेल्स

इयन एजिंटन (लेखक) आणि डिझरायली (चित्रकार, हे टोपणनाव, खरं नाव मॅट ब्रुकर) या जोडीची ही मालिका. इथे आजी डॅन डेअर नाही, त्याहून जुनी आहे: एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी, १८९८ सालची. तीत मंगळवासी इंग्लंड उद्ध्वस्त करतात आणि शेवटी साध्या जंतूंनी मरतात. कादंबरी वाचायला वेळ नसेल तर याच जोडीने तिचं केलेलं कॉमिक रूपांतर आधी वाचा.

मग 'स्कार्लेट ट्रेसेस'. स्वारी होऊन दहाएक वर्षं झालीत. मंगळवाले मेले, पण त्यांची यंत्रं मागे राहिली आणि ब्रिटनने ती खोलून, समजून घेऊन वापरायला काढली. लंडनच्या रस्त्यावर घोडागाडी नाही. कोळ्यासारख्या पायांवर खुडखुडत चालणाऱ्या टॅक्सी आहेत. हे चित्र पाहिलं की आधी मौज वाटते. मग थेम्समध्ये प्रेतं सापडतात, रक्त पार शोषून घेतलेली. निवृत्त लष्करी अधिकारी ऑटम आणि त्याचा जुना सार्जंट करी हा माग काढत निघतात, कारण करीची पुतणी बेपत्ता आहे. यंत्रांनी श्रीमंत झालेल्या देशात ज्यांचं काम गेलं ती माणसं कुठे राहतात, हेही वाटेत दिसतं.

इथे वाचण्याचा वेग बदला. डिझरायलीची रेघ स्वच्छ आहे, रंग सपाट आहेत. हॅम्पसनसारखं एका चौकटीत घुटमळावं लागत नाही. उलट मागच्या गर्दीत ओळखीचे चेहरे पेरलेत, ते शोधण्यात मजा. एक बैठक, एक भाग. पुढचा भाग 'द ग्रेट गेम' ब्रिटन स्वतःच मंगळावर लढायला गेलाय तिथला, आणि चार्लोट हेमिंग नावाची फोटोग्राफर ते युद्ध बघायला जाते. माझ्या मते हा भाग पहिल्याहून सरस आहे. मालिका पुढे २०१६ पासून 'टू थाउजंड एडी' या साप्ताहिकात चालू राहिली. त्याच्या प्रकाशकांच्या ऑनलाइन दुकानात डिजिटल प्रत मिळते, म्हणजे टपालाचा खर्च नाही.

एवढं झाल्यावर बाकीचं तुमचं तुम्ही शोधाल. तरी दोनचार खुणा. ग्रँट मॉरिसन आणि रियान ह्यूज यांचं 'डेअर' (१९९०-९१) म्हातारा, लंगडा झालेला डॅन दाखवतं. कडू आहे, मूळ डॅनवर जीव जडल्यावरच घ्या, नाहीतर नुसतं कडूच लागेल. गार्थ एनिसने २००७-०८ मध्ये लिहिलेला डॅन मात्र सरळ मनाचा आहे, गॅरी अर्स्किनची चित्रं. तो काढला व्हर्जिन कॉमिक्सने, ज्या कंपनीचा स्टुडिओ बंगळूरला होता आणि संस्थापकांत शेखर कपूर होते. 'स्पेसशिप अवे' हे २००३ पासूनचं चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं नियतकालिक. जुन्या स्टुडिओतल्या डॉन हार्लीनेही त्यात चित्रं काढली. आणि रोमन चिलखत घालून विमानं उडवणाऱ्या लोकांची गंमत वाटत असेल तर 'ट्रायगन एम्पायर'. त्याचा चित्रकार डॉन लॉरेन्स हा मिनिस्ट्रीवाल्या वेस्टनचा गुरू. म्हणजे फिरून आपण घरीच येतो.

घरात इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचून मोठं झालेलं कुणी असेल तर त्यांना सोबत घ्या. माझे काका ऐंशीच्या घरातले. शुक्रवारी संध्याकाळी मी दोन पानं घेऊन जातो, तेही मुद्दाम शुक्रवारीच. ते भिंगातून बघतात, फुगे मी वाचतो, डिग्बीचा आवाज ते काढतात. दुसरं पान संपलं की पुस्तक माझ्या हातातून काढून घेतात आणि पुढचं पान मी चोरून बघू नये म्हणून आपल्याच उशाखाली ठेवतात.